उंबरा नसलेले, सलग फरशीचे न्हाणीघर : पाण्याचा निचरा नीट होईल का, आणि रोजच्या वापराला ते सोयीचे पडते का?

निळा_दरवाजा

नमस्कार. घराच्या वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर आम्ही फरशीपासून नव्याने करून घेत आहोत. खोली २.४ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद आहे. दार एका अरुंद बाजूला आहे आणि सांडपाण्याचा उभा पाइप त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीपलीकडून जातो. आईला वॉकर घेऊन चालावे लागते. त्यामुळे दारात उंबरा नको, शॉवरभोवती कट्टा नको, सगळी फरशी एका सलगीत हवी, म्हणजे ज्याला ‘वेट रूम’ म्हणतात तसे करावे, असे घरात ठरले आहे. कमोड आणि वॉश बेसिन याच खोलीत राहणार आहेत. दाराबाहेरच्या फरशीच्या वरच्या पातळीपासून न्हाणीघराच्या स्लॅबपर्यंत १५० मिमी खोली मिळते.

गवंड्याचे म्हणणे असे आहे की जाळी खोलीच्या मध्यभागी बसवावी आणि चारही बाजूंनी तिच्याकडे ढाळ द्यावा, कारण आजवर त्याने असेच केले आहे. आम्ही ६०० बाय ६०० मिमीच्या टाइल पसंत केल्या आहेत. ढाळ नेमका किती असावा, मध्यभागी जाळी योग्य की भिंतीलगतची लांब पन्हाळी, आणि एवढे सगळे करूनही कमोडपर्यंत पाणी उडून खोली दिवसभर ओलीच राहणार असेल तर या खटाटोपाला अर्थ आहे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

---

ओळंबा

आपण मापे दिलीत हे फार बरे झाले, कारण अशा प्रश्नांची अर्धी उत्तरे मापांतच असतात.

प्रथम मध्यभागच्या जाळीबद्दल. चारही भिंतींलगतची फरशी एका पातळीत ठेवून मधोमध २० मिमी खोल जायचे ठरवले, तर लांबीच्या दिशेने भिंतीपासून जाळीपर्यंत १.२ मीटर अंतर मिळते आणि तिथे ढाळ १:६०, म्हणजे ६० मिमी अंतराला १ मिमी उतार, असा येतो. हा चांगला ढाळ आहे. रुंदीच्या दिशेने मात्र तेच २० मिमी फक्त ७५ सेंटिमीटरांत उतरावे लागतात, म्हणजे ढाळ जवळजवळ १:३७ होतो. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला समोरच्या दिशेचा हलका उतार फारसा जाणवत नाही. आडवा उतार मात्र लगेच जाणवतो, कारण वॉकरचे एका बाजूचे पाय दुसऱ्या बाजूपेक्षा खाली जातात. शिवाय शॉवरचे पाणी आपण होऊन खोलीच्या मध्यात, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेवर, ओढून आणतो. मोठ्या टाइल चार दिशांना उतरवायच्या तर त्या तिरक्या कापाव्या लागतात आणि हे काप कितीही सफाईने घेतले तरी डोळ्यांना खटकतात.

माझे मत स्पष्ट आहे. शॉवर दारासमोरच्या भिंतीकडे घ्यावा आणि त्याच भिंतीला समांतर, शक्यतो पूर्ण रुंदीची, लांब पन्हाळी बसवावी. मग सगळ्या खोलीला एकाच दिशेचा ढाळ पुरतो आणि मोठ्या टाइल अखंड बसतात. ढाळही सगळीकडे सारखा ठेवण्याची गरज नाही. दारापासून पहिल्या १.४ मीटरला १:८० ठेवला तर तो साधारण १८ मिमी होतो. शॉवरखालच्या शेवटच्या एका मीटरला १:५० ठेवला तर तो २० मिमी होतो. दोन्ही मिळून फरशी पन्हाळीपाशी ३८ मिमी खाली जाते. जिथे ढाळ बदलतो तिथे टाइलचा सांधाच यायला हवा, नाहीतर त्या रेषेवर टाइल अधांतरी राहून पुढे मोकळी होते. म्हणून टाइलची मांडणी आधी कागदावर काढून घ्यावी आणि ढाळ बदलण्याची रेषा त्या मांडणीप्रमाणे थोडी पुढेमागे सरकवावी.

आता स्लॅबपर्यंतच्या खोलीचा हिशेब. १५० मधून ३८ गेले की ११२ उरतात. टाइल, तिचे चिकटद्रव्य आणि जलरोधक थर यांना मिळून १७ मिमी धरले तर पन्हाळीखालच्या ट्रॅपसाठी, म्हणजे पाणी साठवून पाइपातला वास अडवणाऱ्या भागासाठी, सुमारे ९५ मिमी मिळतात. ५० मिमी वॉटर सील (वास अडवणाऱ्या पाण्याची उंची) असलेले कमी उंचीचे ट्रॅप साधारण ८० ते १०० मिमीमध्ये येतात, त्यामुळे निवडताना प्रत्यक्ष उंची मोजूनच घ्यावी. उभा पाइप त्याच भिंतीपलीकडे असल्यामुळे आडवा पाइप अगदी तोकडा राहील. त्याला १:४० ढाळ दिला तरी जेमतेम काही मिलिमीटर खर्च होतील. हाच ट्रॅप खोलीच्या मध्यात नेला, तर १.२ मीटर पाइपच्या ढाळापोटी ३० मिमी जास्तीचे लागतात आणि मग हिशेब ओढूनताणून बसवावा लागतो.

उंबरा नसलेल्या खोलीत पन्हाळी तुंबली तर काय होईल, हा विचार फार थोडे लोक करतात. वर सांगितलेल्या ढाळाने फरशीचा जो उतरता खोलगट भाग तयार होतो, त्यात दाराच्या पातळीपर्यंत साधारण ६० लिटर पाणी मावते. मिनिटाला १० लिटर सोडणारा शॉवर असेल तर काहीतरी बिघडले आहे हे लक्षात यायला सहा मिनिटे मिळतात. मध्यभागी २० मिमी खोल केलेल्या फरशीत जेमतेम २४ लिटर मावतात. मोठा पावसाळी शॉवर मिनिटाला २० लिटरांपर्यंत पाणी ओततो, म्हणजे तिथे साधारण सव्वा मिनिटातच पाणी बाहेरच्या खोलीच्या दिशेने निघेल. आपल्या शॉवरचा प्रवाह मोजायचा असेल तर दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून पाहावे. पन्हाळीच्या वेष्टनावर निचऱ्याची जी क्षमता छापलेली असते, ती बहुधा जाळीवर थोडे पाणी साचलेले आहे असे धरून दिलेली असते. म्हणून शॉवरच्या प्रवाहाच्या निदान दीडपट क्षमतेची पन्हाळी घ्यावी. केस आणि साबणाचा थर जमल्यावर ती क्षमता उतरतेच.

---

काटकोन

ओळंबा यांच्या मांडणीशी मी बहुतांशी सहमत आहे, पण टाइल बसवण्याच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो आणि एका बाबतीत थोडा वेगळा सूर लावतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ढाळ टाइलमध्ये काढायचा नसतो, तो खालच्या कोब्यात, म्हणजे टाइलखालच्या सिमेंटच्या थरात, काढायचा असतो, आणि जलरोधक थर त्या ढाळदार कोब्यावर यायला हवा. अनेक ठिकाणी सपाट स्लॅबवर जलरोधक थर मारतात, त्यावर जाड मसाला पसरतात आणि त्या मसाल्यात टाइलला ढाळ देतात. वरून पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसते. परंतु टाइलच्या सांध्यांमधून पाणी थोडे थोडे खाली झिरपतच असते. सांध्यांत भरलेले सिमेंटचे ग्राउट पाणी अडवत नाही. असे झिरपलेले पाणी खालच्या सपाट थरावर येऊन थबकते. त्याला जायला वाट नसते, मसाला कायमचा ओला राहतो, काही महिन्यांनी टाइलच्या कडा काळसर दिसू लागतात, सांध्यांवर पांढरे क्षार फुलतात आणि जाळी स्वच्छ असूनही कुबट वास येत राहतो. गृहस्थ मग पुन्हा पुन्हा जाळी धुतात आणि वास जात का नाही म्हणून हैराण होतात.

म्हणून क्रम असा ठेवावा : स्लॅबवर ढाळाचा कोबा, तो पुरेसा वाळल्यावर त्यावर जलरोधक लेपाचे दोन हात, आणि त्या लेपावर पातळ चिकटद्रव्याने थेट टाइल. लेपाचा दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने आणि वेगळ्या रंगाचा मारून घेतला तर कुठे राहून गेले ते चटकन दिसते. फरशी आणि भिंत यांच्या कोपऱ्यांत, तसेच भिंतीतून पाइप बाहेर येतो तिथे, लेपात जाळीदार पट्टी दाबून बसवावी लागते, कारण तडा पहिल्यांदा तिथेच जातो. हा लेप भिंतीवर सगळीकडे निदान १५० मिमी चढवावा आणि शॉवरच्या भागात शॉवरच्या तोंडाच्याही वर न्यावा. पन्हाळीला सभोवती जी रुंद कडा असते, तिच्यावर हा लेप चढून घट्ट चिकटलेला असला पाहिजे. गळतीच्या ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या पुष्कळशा या दोन बोटांच्या सांध्यापाशी सुरू होतात. पन्हाळी विकत घेताना वरच्या स्टीलच्या चकाकीपेक्षा ही कडा किती रुंद आहे ते आधी पाहावे.

याच कारणासाठी पन्हाळी भिंतीला अगदी चिकटवून बसवायला माझा थोडा विरोध आहे. भिंतीलगतची म्हणून बनवलेली, एका बाजूला उभी कडा असलेली पन्हाळी मिळाली तर उत्तम. लेप त्या उभ्या कडेवर नीट बसतो. तशी मिळत नसेल आणि साधी पन्हाळी भिंतीला खेटून लावली, तर लेपाला चिकटायला जागाच उरत नाही. अशा वेळी भिंतीपासून दहा-बारा सेंटिमीटर सोडून ती बसवावी आणि मधल्या पट्टीलाही पन्हाळीकडे ढाळ द्यावा.

घसरण्याबद्दल आपण विचारले नसले तरी सांगतो. टाइलच्या खोक्यावर आर ९, आर १०, आर ११ असे जे वर्ग छापलेले असतात, ते बूट घालून तेलकट उतारावर चालण्याच्या चाचणीतून ठरवलेले असतात. न्हाणीघरात आपण अनवाणी असतो आणि फरशीवर साबणाचे पाणी असते. त्यासाठी अनवाणी पायांचे ए, बी, सी असे वेगळे वर्ग आहेत आणि शॉवरखालच्या फरशीसाठी बी वर्ग मागावा. ए वर्ग १२ अंशांच्या उतारापासून सुरू होतो, बी १८ पासून आणि सी २४ पासून. सी घेतला तर पकड भरपूर मिळते, पण खरखरीत पृष्ठभागात साबण अडकून घासणे जिवावर येते. गुळगुळीत चकचकीत टाइल मात्र या खोलीत कितीही सुंदर दिसत असली तरी घेऊ नये.

ढाळ बदलण्याच्या रेषेपासून पुढे शॉवरच्या भागात छोट्या टाइल वापरल्या तर सांधे वाढतात आणि पायाला पकड मिळते, हे ध्यानात ठेवावे. ग्राउट इपॉक्सीचे घेतले तर डाग आणि बुरशी कमी धरते. तरीही जलरोधक लेपाची जागा ते घेऊ शकत नाही.

---

ओसरी

निचऱ्याचे वर दोघांनी उत्तम सांगितले आहे. मी वापराच्या बाजूने लिहिते, कारण अशा न्हाणीघरात वृद्ध माणसाला रोज आंघोळ घालण्याचे काम मी करते.

सगळी खोली भिजू शकते, याचा अर्थ सगळी खोली भिजू द्यावी असा नाही. तुमच्या मनातली शंका योग्य आहे : काहीच आडोसा नसेल तर कमोडचे झाकण, कागदाची गुंडाळी, बेसिनखालचे कपाट आणि दारामागे टांगलेला टॉवेल हे सगळे दमट होते, आणि आंघोळीनंतर जो आत जातो त्याचे पाय किंवा मोजे ओले होतात. यावर उपाय म्हणजे शॉवर आणि कमोड यांच्या मध्ये एकच स्थिर काच, साधारण ८० ते ९० सेंटिमीटर रुंदीची, दरवाजा किंवा खालची पट्टी नसलेली. वॉकरला वाट मोकळी राहते आणि बहुतेक तुषार अडतात. मदतनीसाला दोन्ही बाजूंनी वावरावे लागत असेल तर काचेऐवजी खाली वजन असलेला पडदा जास्त सोयीचा, कारण तो हवा तेव्हा पूर्ण बाजूला सारता येतो. आमच्याकडे पडदाच आहे आणि मला तो काचेपेक्षा बरा वाटतो, जरी पाहुण्यांना तो साधा दिसतो.

डोक्यावरचा मोठा पावसाळी शॉवर आईंसाठी निरुपयोगी आहे. उभ्या दांडीवर खालीवर सरकणारा हातशॉवर घ्या. बसून आंघोळ करणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीवर तो आणला की पाणी कमी उडते आणि खोलीचा कोरडा भाग खरोखरच कोरडा राहतो. नळाची मूठ शॉवरच्या थेट खाली न ठेवता थोडी बाजूला घ्यावी, म्हणजे पाणी कोमट होईपर्यंत मदत करणारा माणूस भिजत नाही. या छोट्या गोष्टी आराखड्यात कुणी काढत नाही आणि मग रोज दोन माणसांची आंघोळ होते.

आधाराच्या दांड्या आणि भिंतीला दुमडणारी बैठक कुठे येणार ते आताच ठरवा, टाइल लागल्यानंतर नको. एकतर त्या जागी भिंत भक्कम असायला हवी, आणि दुसरे म्हणजे नंतर पाडलेले प्रत्येक भोक जलरोधक लेपातून आरपार जाते. आईंना प्रत्यक्ष खुर्चीवर बसवून त्यांचा हात कुठे पोहोचतो त्यावरून दांडीची उंची ठरवली, तर ती पुस्तकी मापापेक्षा उपयोगी पडते.

खोली वाळण्याबद्दल एवढेच सांगते की ते हवेवर अवलंबून आहे. बाहेर हवा फेकणारा पंखा हवा, आंघोळ झाल्यावरही काही वेळ तो चालू राहिला पाहिजे, आणि दाराच्या खाली बोटभर फट हवी, नाहीतर पंख्याला आत ओढायला हवाच मिळत नाही. आंघोळ संपताच रबरी वायपरने पाणी पन्हाळीकडे ढकलण्याची सवय लावली तर अर्ध्या तासात फरशी चालण्याजोगी होते. ढाळ कितीही चांगला असला तरी फरशीवर पाण्याचा एक पातळ थर राहतोच, आणि वॉकरच्या रबरी बुडांना तोच जास्त घातक असतो. ही बुडे झिजली की लगेच बदला.

पन्हाळीची जाळी हाताने उचलता येते का, हे दुकानातच उचलून पाहा. जी स्क्रूने घट्ट बसवलेली असते ती कुणी साफ करत नाही.

---

निळा_दरवाजा

तिघांचेही मनापासून आभार. जाळी समोरच्या भिंतीकडे नेण्याचे आता नक्की केले आहे, आणि गवंड्यालाही आडव्या उताराचा मुद्दा लगेच पटला. दोन शंका उरल्या आहेत. दाराबाहेर लाकडी फरशी आहे. उंबरा नसताना तिच्याखाली पाणी शिरू नये म्हणून काय करावे? एका परिचिताने दाराच्या रेषेतच दुसरी अरुंद पन्हाळी बसवायला सुचवले आहे, ती बसवावी का? आणि टाइल लागण्यापूर्वी काम चोख झाले आहे हे आम्हांला, म्हणजे या धंद्यातल्या नसलेल्या माणसांना, कसे तपासता येईल?

---

काटकोन

दारातली दुसरी पन्हाळी मी तरी बसवून घ्यावी असे म्हणेन. शॉवरचा हात चुकून दाराकडे वळला, बेसिन ओसंडले किंवा आतली पन्हाळी तुंबली, तर लाकडी फरशी वाचवणारी ती शेवटची आडकाठी ठरते. खर्च थोडा वाढतो, पण लाकूड एकदा फुगले की पूर्ववत होत नाही.

---

ओळंबा

या मुद्द्यावर माझे मत निराळे आहे. दार हा खोलीतला सर्वांत उंच भाग आहे, त्यामुळे तिथल्या पन्हाळीत महिनोन्महिने पाणी जाणार नाही. पाणी गेले नाही की ट्रॅपमधले पाणी हळूहळू वाळते, आणि वॉटर सील संपला की सांडपाण्याच्या पाइपातली दुर्गंधी थेट झोपायच्या खोलीच्या तोंडाशी येते. आठवड्याला तांब्याभर पाणी तिच्यात ओतण्याची शिस्त असेल, किंवा पाण्याशिवाय बंद राहणारा, रबरी पडद्याचा ट्रॅप बसवणार असाल, तरच तिचा विचार करावा. शिवाय ट्रॅपसाठी दारापाशी स्लॅबवर जागा करायची आणि तिचा पाइप सगळी खोली ओलांडून समोरच्या भिंतीकडे न्यायचा, म्हणजे १:४० ने सुमारे ६० मिमी खोली त्या पाइपसाठीच वेगळी लागणार. तुमच्या १५० मिमीमध्ये ते जमवणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

त्याऐवजी दाराची रेषा नीट बांधा. जलरोधक लेप दाराच्या चौकटीखालून बाहेरच्या कडेपर्यंत न्यावा आणि तिथे धातूचा एक बारीक काटकोनी पट्टा उभा बसवून लेप त्याच्यावर चढवावा. पट्ट्याची वरची कड टाइलच्या वरच्या पातळीला मिळते, म्हणून वॉकरला काही लागत नाही. टाइलखालून झिरपत येणारे पाणी मात्र त्या कडेला अडून मागे फिरते. पट्टा आणि लाकूड यांच्यामधली फट सिमेंटने न भरता लवचीक सीलंटने भरावी, कारण लाकूड ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते. लाकडी चौकटीचे पाय फरशीत गाडू नयेत. ते टाइलच्या किंचित वर कापून खालची फटही सीलंटने बंद करावी.

तपासणीचे म्हणाल, तर ती तीन टप्प्यांत करा आणि प्रत्येक टप्प्याला स्वतः हजर राहा. कोबा झाला की लेप मारण्यापूर्वी सरळ पट्टी आणि पाणसळ घेऊन दारापासून पन्हाळीपर्यंत उतार मोजा. डाव्या भिंतीलगत, मध्ये आणि उजव्या भिंतीलगत अशा तीन रेषांवर मोजले तर आडवा उतार आला आहे का तेही कळते. खोलगट जागा सापडली तर ती या वेळी थापीभर मसाल्याने भरून निघते. टाइल लागल्यावर तिथे डबके साचतच राहते.

लेप वाळल्यावर पाणी भरून चाचणी घ्या. पन्हाळीचे तोंड फुगणाऱ्या बोळ्याने बंद करा, दारात विटा आणि मसाल्याचा तात्पुरता बांध घाला आणि सर्वांत उंच भागावरही बोटभर पाणी उभे राहील इतके भरा. भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने खूण करा, निदान २४ तास खोलीत कुणालाही जाऊ देऊ नका, आणि खालच्या मजल्यावर छत, कोपरे व पाइपच्या भोवतालची जागा हात लावून तपासा. बाष्पीभवनाने पातळी किंचित उतरेल. शंका आली तर त्याच खोलीत एका पसरट भांड्यात पाणी भरून ठेवा आणि दोन्हींची घट ताडून पाहा. भांड्यापेक्षा फरशीवरचे पाणी जास्त उतरले असेल तर गळती आहे असे समजून टाइलचे काम थांबवा. गवंडी घाईत असेल तर ही चाचणी टाळण्याकडे त्याचा कल राहील. म्हणून ती कामाच्या करारात आधीच लिहून घ्या आणि टाइलकामाचे पैसे तिच्यानंतरच देय ठेवा.

चाचणी संपल्यावर बोळा काढताना घाई करू नका. एवढे पाणी पन्हाळीतून जायला किती वेळ लागतो आणि शेवटी फरशीवर ते कुठे रेंगाळते, हे त्याच वेळी पाहून खडूने खुणा करून ठेवा. त्या खुणांचे फोटो काढून ठेवले तर टाइल लागल्यानंतर बादलीभर पाणी ओतून तिसऱ्या टप्प्याची तपासणी करताना नेमके कुठे पाहायचे ते माहीत असते.